पिंपात राहिलेली खूण

नागासाकीत चहा सोडलेल्या माणसाला कुठेही सुखाने बसता येत नाही. कुठल्याही दारात पाय ठेवा, आधी पेला पुढे येतो आणि मग विचारपूस. त्यात कुवाता शिन्झो पडला देजिमा बेटावरच्या डच व्यापाऱ्यांचा दुभाषी. दिवसातून दहा ठिकाणी जायचं आणि दहाही ठिकाणी हात जोडून म्हणायचं, “मला आपलं गरम पाणीच द्या.” पहिले काही महिने लोकांनी कारण विचारलं. मग ज्याने त्याने आपापलं कारण ठरवून टाकलं. कुणी म्हणे पोटात गाठ आहे, कुणी म्हणे बायकोशी पैज लागलीय.

खरं कारण टेकडीवरच्या सुवाच्या देवळातल्या देवाला ठाऊक होतं, आणि शिन्झोच्या बायकोला, ओशिगेला.

झालं होतं असं. डचांचं जहाज बताव्हियाच्या त्यांच्या ठाण्यावरून वर्षातून एकदा उन्हाळ्यात यायचं आणि थंडीच्या तोंडावर परत जायचं. पंधराएक वर्षांमागे एक इंग्रज जहाज डचांचं निशाण लावून बंदरात शिरलं होतं. स्वागताला गेलेल्या होडीतले दोन डच त्यांनी उचलून नेले. ते सुटून आले खरे, पण त्या वेळच्या सुभेदारांनी शरमेने आपलं पोट चिरून घेतलं. तेव्हापासून नियम झाला. जहाज परत निघताना त्याला एक गुप्त खूण द्यायची. पुढच्या खेपेला मधल्या डोलकाठीवर कुठली दोन निशाणं लावायची, त्यातलं वर कुठलं नि खाली कुठलं, त्याचं चित्र. चित्राचे कागद दोन. एक सुभेदारांच्या पेटीत, मोहोर लावून. दुसरा जहाजाबरोबर. जहाज आलं की बाहेर समुद्रावरच निशाणं कागदाशी ताडून बघायची. जुळली तर आत या. नाही जुळली तर दोन्ही किनाऱ्यांवर तोफा होत्या आणि पेंढा भरलेल्या आगहोड्या होत्या.

मागच्या खेपेचे ते दोन कागद शिन्झोच्या हातचे होते. पहिला त्याने निवांत बसून काढला. वर निळा चौकोन, मधे पांढरा ठिपका. खाली तांबडे-पांढरे पट्टे. दुसरा रंगवत होता तेवढ्यात दारात निरोप्या उभा. “चला, चला, मोहोर घेऊन साहेब खोळंबलेत!” रंग ओला असतानाच कागद हातातून गेला. शिन्झो घरी आला, पायातल्या वहाणा काढल्या आणि तिथेच उंबऱ्यात त्याच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या कागदावर आपण वर निळं काढलं की तांबडं?

काही केल्या आठवेना. डोळे मिटले की कधी निळं वर दिसे, कधी तांबडं. मोहोर फोडून बघायची सोय नव्हती, कुणाला विचारायची तर त्याहून नव्हती. आणि सात दिवसांनी जहाज गेलंसुद्धा.

“ओशिगे, उद्यापासून मी चहा घेणार नाही,” त्या दिवशी त्याने सांगितलं. “बरोबर खूण लावून जहाज येईपर्यंत.”

ओशिगे भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. “बरं,” ती म्हणाली. “म्हणजे उन्हाळ्यापर्यंत. आठ-नऊ महिने जातील बघता बघता.”

उन्हाळा आला आणि जहाज आलंच नाही. वादळाने गेलं की लढाईने, की निघालंच नव्हतं, कुणाला कळायला मार्ग नव्हता. शिन्झोचा नेम दुसऱ्या वर्षावर गेला. रोज उजाडताना तो सुवाच्या देवळाच्या पायऱ्या चढे, हात जोडी, आणि देवाकडे एकच मागे: माझ्या कुंचल्यापायी एका जहाजभर माणसांचा जीव जाऊ नये. घरी येऊन पूर्वजांपुढे वाफाळता पेला ठेवी, वाफ नाकाशी येई तेवढी येऊ देई, आणि मग आपलं गरम पाणी पिई.

तिकडे बेटावरच्या डचांचे हाल तर विचारू नका. लोणी संपलं, दारू संपली, लिहायचा कागद संपला. गेरलॉफ नावाचा तिथला कारकून, आठ वर्षं बेटावर काढलेला, शेवटी गवती वहाणा घालून हिंडू लागला. कोटाची बाही फाटली तिथे त्याने कोंबड्यांच्या चित्रांचं जपानी कापड लावून घेतलं होतं. शिन्झोचा नेम मोडायचा त्याने जणू विडाच उचलला होता.

“शिन्झोसान, ही घ्या कॉफी. हा काही चहा नव्हे. तुमच्या देवाची हरकत असायचं कारण नाही.”

“देवाशी वकिली नाही करायची, गेरलॉफ.”

“आणि कॉफी म्हणजे तरी काय, भाजलेले सातूच आहेत. कॉफी संपून वर्ष झालं.”

“मग तर नकोच,” शिन्झो म्हणाला, आणि दोघंही हसले. पण गेरलॉफला कारण त्याने कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

सहाव्या महिन्याच्या अखेरीला, सकाळी, बंदराबाहेरच्या नोमोच्या टोकावरल्या चौकीतून वर्दी आली. पांढरं शीड दिसलं!

गावभर पळापळ सुरू झाली. शिन्झो देवळातून येऊन नुकता टेकला होता. ओशिगेने त्याचा सणासुदीचा पोशाख आधीच काढून ठेवला होता. तिने कमरपट्टा आवळला, हातात भाताच्या गोळ्यांची पुरचुंडी दिली.

“आत खारवलेलं आलुबुखार घातलंय. खा, नाहीतर तसंच परत आणाल.”

“ओशिगे, जर का...”

“पाणी चुलीवर ठेवते,” ती म्हणाली. “तुम्ही या.”

होडीत तपासनीस हायासे बसले होते, पाठ ताठ, मांडीवर मोहोरबंद पेटी. तोंडाने फटकळ, पण नियमाच्या बाहेर कुणाला छळणारा माणूस नव्हे. त्यांच्यामागे गेरलॉफ, कोंबड्यांची बाही लपवायला हात पाठीशी धरून. होडीवर मुख्य वल्हेकरी म्हातारा गेनरोकु.

“दुभाषीबुवा, आज तरी घेणार का चहा?” गेनरोकुने विचारलं. “का आमची नातवंडं म्हातारी होईस्तोवर थांबायचं?”

“वल्हव रे बाबा,” शिन्झो म्हणाला.

बेटांच्या पलीकडे जहाज दिसलं. तीन डोलकाठ्या, मळकी शिडं, मागच्या टोकाला डचांचं निशाण. आणि मधली डोलकाठी उघडी. निळं नाही, तांबडं नाही, चिंधीसुद्धा नाही.

हायासेंनी पेटीची मोहोर फोडली, कागद उलगडला. वर निळं, खाली तांबडं. शिन्झोने काढलेला पहिला कागद. त्यांनी कागदाकडे पाहिलं, डोलकाठीकडे पाहिलं, आणि थंडपणे म्हणाले, “मागे फिरवा होडी.”

“साहेब, अजून अंतर आहे. त्यांना आपण दिसलो नसू, म्हणून खूण चढवली नसेल,” शिन्झो म्हणाला.

“आपण दिसलो नसू, पण त्यांचं निशाण मला दिसतंय. तसंच निशाण त्या इंग्रजांनीही लावलं होतं.”

गेरलॉफचा चेहरा उतरला होता. मागच्या वेळी होडीतून डचांनाच उचललं होतं, हे तो विसरणं शक्य नव्हतं. तरी तो उठून उभा राहिला. “एकदा हाक मारू द्या. लांबूनच. मारतील तर मला मारतील.”

हायासेंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हनुवटीने खूण केली. गेनरोकुने होडी जेमतेम आवाज पोचेल इतकी पुढे नेली. गेरलॉफने तोंडाला कर्णा लावला आणि डच भाषेत ओरडला, “जहाज कुठलं? खूण कुठाय?”

जहाजाच्या कठड्याशी एक जाडजूड माणूस आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग त्याच्या कर्ण्यातून उत्तर आलं. “‘दोन बहिणी’, बताव्हियाहून! मी कप्तान योरिस. नवीन आहे! जुना कप्तान तापाने गेला! खुणेचा कागद माझ्याकडे आहे हो! पण मला तो काढता येत नाही!”

“काढता येत नाही म्हणजे? आहे कुठे?”

कप्तानाने टोपी पुन्हा काढली. मग उत्तर आलं, तेही अगदी पडलेल्या आवाजात. “पिंपात!”

गेरलॉफच्या हातातला कर्णा खाली आला. “अरे देवा,” तो पुटपुटला, आणि त्याला रडू येतंय की हसू ते शिन्झोला कळेना.

शिन्झोला मात्र सगळं कळलं. किनारा दिसायच्या आत डच जहाजावर काय करतात ते नागासाकीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जपानात बंदी असलेल्या त्यांच्या धर्माची पुस्तकं, जपमाळा, चित्रं, सगळं गोळा करून एका पिंपात भरायचं, वर झाकण ठोकून खिळे मारायचे. बंदरात आल्यावर त्या पिंपावर सुभेदारांची मोहोर लागते आणि परतीच्या दिवसापर्यंत ते कुणी उघडत नाही. उघडणाऱ्याला देहदंड. त्या पिंपात काय असतं हे सगळ्यांना माहीत, आणि त्याचं नाव कुणी तोंडातून काढत नसे.

प्रश्नोत्तरं झाली आणि चित्र स्पष्ट झालं. नव्या कप्तानाच्या हाती कागद आला तेव्हा त्याला बजावून सांगितलं होतं, जिवापेक्षा जप. त्याने तो आपल्या जवळच्या सर्वांत पवित्र जागी ठेवला, आपल्या बायबलात. आज पहाटे नोमोचं टोक दिसण्याआधी त्याच्या माणसांनी नियमाप्रमाणे पुस्तकं गोळा केली, त्याचंही उशाशी होतं ते नेलं, आणि खिळे ठोकले. आणि कप्तानाला आठवण झाली तोवर किनारा समोर होता.

शिन्झोने हे सगळं हायासेंना सांगितलं. ‘पुस्तक’ न म्हणता ‘ती वस्तू’ म्हणत.

“म्हणजे पिंप उघडा म्हणावं,” हायासे म्हणाले.

“साहेब, आपल्या हद्दीत आहेत ते. उघडलं की देहदंड.”

“मग उघडू नका म्हणावं.”

“मग खूण नाही. म्हणजे तोफा.”

हायासेंनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “हा माणूस खोटं कशावरून बोलत नाही?”

शिन्झोला गप्प राहणं सोपं होतं. होडी परत गेली असती, पुढचं सुभेदारांनी पाहिलं असतं, आणि दुसरा कागद कधीच पुढे आला नसता. त्याची चूक असलीच तर ती पिंपाबरोबर जळून गेली असती. हा विचार त्याच्या मनात आला, आणि आला म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली. रोज उजाडताना देवापुढे मागितलं होतं ते काय?

“साहेब,” तो म्हणाला, “शत्रूचं जहाज असतं तर त्याने डोलकाठीवर काहीतरी चढवून बघितलं असतं. लागला तर लागला अंदाज. हा बिचारा दोन खिळे उपटायला घाबरतोय. आपल्या कायद्याला इतकं घाबरणारा माणूस आपला पाहुणाच असला पाहिजे.”

गेनरोकु वल्ह्यावर रेलून हळूच म्हणाला, “आमची सून पण अशीच. देव्हाऱ्यात किल्ली ठेवते आणि देव्हारा बंद करते.”

हायासेंच्या ओठांची एक कड हलली. पण ते पुन्हा ताठ झाले. “शहाणपण पुरे. नियमात कसं बसवता ते सांगा.”

शिन्झोने मान वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला. सकाळचा वारा अजून जमिनीकडून वाहत होता. दिवस माथ्यावर आला की तो पडणार, आणि मग समुद्राकडून सुरू होणार.

“नोमोचं टोक दिसेनासं झालं की तिथे आपली हद्द नाही,” तो सावकाश म्हणाला. “आणि पिंपाला आपली मोहोर अजून लागलेली नाही. हे जहाज आलंच नाही असं समजू. त्याला सांगू, आल्या वाटेने परत जा. टोक दिसेनासं झालं की काय करायचं ते कर, काय ठोकायचं ते पुन्हा ठोक, आणि खूण लावून नव्याने ये. दुपारचा वारा त्याला आत आणून सोडेल.”

“आणि आलं नाही तर? किंवा दहा जहाजं घेऊन आलं तर?”

“मी इथेच आहे, होडीत. माझी मान जवळच आहे तुमच्या.”

“आणि आलं, पण खूण चुकीची असली तर?”

शिन्झोने त्या उघड्या डोलकाठीकडे पाहिलं. “तरी माझी मान जवळच आहे,” तो म्हणाला.

हायासेंनी कागद पेटीत ठेवला. मग म्हणाले, “त्या पिंपात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. दिवस मावळेपर्यंत वेळ. तसं पाहिलं तर आपण सकाळपासून इथे मासे बघत बसलोय.” आणि गेनरोकुकडे वळून त्यांनी चौकीवरच्या तोफखान्याला थांबायचा इशारा द्यायची खूण केली.

शिन्झोने सांगितलं ते गेरलॉफने कर्ण्यातून कप्तानाला समजावलं. ‘दोन बहिणी’ने शिडं वळवली, आणि हळूहळू, जमिनीच्या वाऱ्यावर, ती क्षितिजाकडे गेली. मग दिसेनाशी झाली.

त्यानंतरचा वेळ शिन्झोला पुढे कधीही नीट आठवला नाही. ऊन चढलं. वारा पडला. समुद्र तेलासारखा झाला. हायासेंनी बांबूच्या नळीतून चहा ओतला आणि न बोलता पेला शिन्झोपुढे केला. शिन्झोने हात जोडले.

“अजूनही?” हायासे म्हणाले. “एवढं काय मागितलंयत देवाकडे?”

आणि मग काय झालं कोण जाणे, त्या स्तब्ध पाण्यावर, मानेवर टांगती तलवार असताना, शिन्झोने सांगून टाकलं. निरोप्या, ओला रंग, उंबरा, सगळं. दोन वर्षांत ओशिगेखेरीज कुणाला न सांगितलेलं. आधी जपानीत, मग गेरलॉफसाठी डचमध्ये.

गेरलॉफने कपाळाला हात लावला. “आणि मी तुम्हाला सातूची कॉफी पाजायला बघत होतो,” तो म्हणाला. “माफ करा, शिन्झोसान.”

हायासे समुद्राकडे बघत होते. “हे तुम्ही मला सकाळी सांगितलं असतं, तर मी त्याला परत पाठवलं नसतं.”

“माहीत आहे मला.”

“हं,” हायासे म्हणाले. एवढंच.

शिन्झोने पुरचुंडी सोडली. चौघांनी भाताचे गोळे वाटून खाल्ले. आलुबुखाराच्या आंबटपणाने गेरलॉफने तोंड वेडंवाकडं केलं, गेनरोकुने हसून घेतलं. मग पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. वारा समुद्राकडून सुरू झाला होता.

शीड पहिल्यांदा गेनरोकुला दिसलं. त्याचे डोळे म्हातारे असले तरी समुद्रावरचे होते. “एकच आहे,” तो म्हणाला. “एकच जहाज.” मग, “मधल्या काठीवर काहीतरी आहे.”

शिन्झोने डोळे मिटून घेतले. उघडायचा धीरच होईना. मिटल्या डोळ्यांपुढे निळं वर आलं, तांबडं वर आलं, पुन्हा निळं. मनातल्या मनात त्याने देवाला हात जोडले. मागायचं काही उरलं नव्हतं. सगळं मागून झालं होतं.

“वर काय आहे?” त्याने विचारलं.

गेनरोकुने होडी थोडी पुढे घेतली.

“गेरलॉफ, वर काय आहे?”

“वर निळं,” गेरलॉफ म्हणाला. “मधे पांढरा ठिपका. खाली तांबडे पट्टे. उघडा की डोळे! बघा, उघडा!”

शिन्झोने डोळे उघडले. निळं वर होतं. वाऱ्यावर फडफडत होतं, जरासं चुरगळलेलं, आणि त्याच्याखाली तांबडं-पांढरं. जसं असायला हवं होतं तसं. दोन वर्षं ते तसंच होतं, समुद्रापलीकडे त्याच्याच हातच्या कागदावर, आणि तो इकडे रोज त्याची उलटापालट करत बसला होता.

तो होडीच्या तळाशी मटकन बसला आणि बसला तो उठेचना. गेरलॉफने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कोंबड्यांच्या बाहीचा. हायासेंनी कागद उलगडून रीतसर दोनदा पडताळा घेतला, घडी घातली, पेटी बंद केली. मग नळीतला उरलेला चहा पेल्यात ओतला.

“घ्या आता. नेम पुरा झाला.”

“झाला, पण देवाला सांगितलं नाही अजून,” शिन्झो डोळे पुसत म्हणाला. “सांगून आल्याशिवाय कसा सोडू?”

“काय माणूस आहे!” हायासे म्हणाले आणि तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

जहाज ओढून आत आणायला शंभर होड्या निघाल्या. कप्तान योरिस कठड्यावरून टोपी हलवत होता. पिंप त्याच्या पायाशी होतं, आधीपेक्षा दुप्पट खिळे मारलेलं. बेटावर लोणी आलं, कागद आला, खरी कॉफी आली, गेरलॉफला बूट आले. शिन्झोने जिथे तिथे सह्या केल्या, जिथे तिथे चहा नाकारला, आणि उन्हं कलल्यावर सुवाच्या पायऱ्या चढला. वर उभं राहून त्याने हात जोडले. “आलं,” एवढंच तो म्हणाला. “बरोबर आलं.” खाली बंदरात जहाजाची शिडं उतरवत होते.

घरी ओशिगेने उंबऱ्यातच त्याचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. सकाळपासून चुलीवर ठेवलेल्या पाण्यात तिने कितीदा भर घातली होती, देव जाणे. ती आत गेली, चहा केला, त्याच्यापुढे ठेवला. शिन्झोने पेला दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, आणि घोट घेतला.

त्याने तोंड वाकडं केलं.

“काय झालं?”

“कडू आहे गं.”

“चहा कडूच असतो,” ओशिगे म्हणाली. “तुम्हीच दोन वर्षं मनात गोड करून ठेवला होतात.”

तो हसायला लागला. हसता हसता पेला रिकामा केला आणि पुढे धरला.

“घाल अजून,” तो म्हणाला.